नाझलीचं वय

किल्ल्यावर सगळ्यांना ठाऊक असलेल्या आणि कुणीच न बोलायच्या ज्या गोष्टी होत्या, त्यांतली एक म्हणजे बाबाकाय उस्ताची दृष्टी. तीन वर्षं झाली, त्याला दिसत नव्हतं. तरी किल्ल्यावर कुणी वारलं की थडग्याचा दगड त्याच्याच अंगणातून कोरून निघे, अक्षरं पहिल्यासारखीच रेखीव. दगड न्यायला आलेले लोक म्हणत, उस्ता, तुझा हात अजून शाबूत आहे हं. म्हातारा मान डोलवी. आणि आतल्या ओसरीवर त्याची मुलगी आयतोलू मनगटापर्यंत चढलेली पांढरी पूड धूत बसलेली असे.

आयतोलू अठ्ठावीस वर्षांची होती. सोळाव्या वर्षी तिला गेझलेवे बंदरात दिली होती. नवरा मिठाच्या गलबतावर इस्तंबूलला निघाला आणि समुद्रातच राहिला. धाकटी बहीण तिथेच नांदत होती, पण ही पाणी वाहणाऱ्या गाढवांच्या मागून खडकातली वाट चढून बापाकडे परत आली. बापानं दुसऱ्या दिवशी तिच्या हातात छिन्नी दिली, एवढंच.

खान जाऊन झारचं राज्य आलं त्याला साठेक वर्षं झाली होती. झारच्या माणसांना सगळं कागदावर लागे. त्या वसंतात गव्हर्नरच्या कचेरीतून एक कागद वर आला. तुम्ही कराई लोक कोण, कुठून आलात, कधी आलात, आणि खालच्या गावांतून जे दुसरे यहुदी राहतात त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय. प्रार्थनाघरात, आमच्या केनेसात, सगळे पुरुष जोडे बाहेर काढून गालिच्यावर बसले आणि तो कागद तीनदा वाचला गेला. फरक सांगणं सोपं होतं. आम्ही फक्त ग्रंथ मानतो. त्यावर मागाहून पंडितांनी जे रचलं ते ज्याचं त्याला लखलाभ. पण कधी आलो? म्हाताऱ्यांनी दाढ्या कुरवाळल्या. फार पूर्वी, एक म्हणाला. त्याच्याही पूर्वी, दुसरा म्हणाला. त्यापुढे कुणाची मजल जाईना.

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नव्हता. खालच्या गावांतून मुलं पंचवीस-पंचवीस वर्षांसाठी फौजेत नेली जात होती. कराई मुलांना सूट होती खरी, पण नव्या कागदाचा सूर काही बरा नव्हता. आपण या मातीतले जुने, खानाच्याही आधीचे, असं दाखवता आलं तर सूट टिकणार होती. नाहीतर काय, ते कुणी तोंडातून काढत नव्हतं.

म्हणून एर्बी येशुआला बोलावणं गेलं.

एर्बी म्हणजे गुरुजी. हा एर्बी विद्वान होता यात वाद नव्हता; बाकी त्याच्याबद्दल प्रत्येक गोष्टीत वाद होता. तो गावोगाव हिंडून केनेसांच्या माळ्यांवरून जुन्या पोथ्या उचलून नेई, मागून आणि न मागताही. किल्ल्यावरचे हझ्झान, म्हणजे आमचे पुजारी, त्याला पाण्यात पाहत. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस, असं ते उघड म्हणायचे. एर्बीच्या कानावर ते गेलं तेव्हा तो म्हणाला की लोणी नासून जाण्यापेक्षा कुणी खाल्लेलं बरं. तो उंच होता, वाळकुडा, बाह्या शाईनं माखलेल्या, आणि खिशात कायम एक सोललेला कांदा.

पुरावा म्हणून दरीतल्या जुन्या थडग्यांवरची नावं आणि सालं वाचायची त्यानं ठरवलं, आणि दगड साफ करायला बाबाकाय उस्ताला मागितलं. उस्ता म्हणाला, माझी मुलगी ब्रश उचलायला बरोबर येईल, मी वरून सांगत जाईन. एर्बीनं आयतोलूच्या बोटांकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. दुसऱ्या सकाळी ती एकटीच खाली उतरली तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं. मला घट्टे पडलेल्या हातांशीच काम होतं."

किल्ल्याच्या पूर्वेला उतारावर आमची दरी आहे. योसाफाटची दरी. तिथे हजारो दगड आहेत. काही खोगिरासारखे, काही पाळण्यासारखे, उशाला-पायथ्याला दोन शिंगं वर आलेली. त्यांच्यावर ओकची झाडं आहेत. तातार त्या रानाला बाल्टा-तियमेझ म्हणतात, म्हणजे जिथे कुऱ्हाड लागत नाही. शरद ऋतूत सकाळी धुकं दरीतच अडकून पडतं. वरून पाहिलं तर दूध सांडल्यासारखं दिसतं, आणि आत उतरलं की आपलेच हात परक्याचे वाटतात.

त्या धुक्यात दोघं काम करत. ती शेवाळ खरवडी, ओला कागद अक्षरांवर थापटून बसवी, वाळला की ठशासकट सोलून काढी. एर्बी नाव वाचे. नुसतं वाचत नसे, हाक मारल्यासारखं म्हणे. ये बाबा शेमुएल, किती वर्षं तोंड लपवून पडलास. अगो मिलका, तुझ्या लेकानं दगडावर पैसा वाचवलाय, अक्षरं बघ कशी दाटीवाटीनं बसवलीत. कधी वाचता वाचता त्याच्या डोळ्यांतून पाणी येई आणि ते पुसायचं भान त्याला नसे. आयतोलूला आधी हसू येई. मग येईनासं झालं. चार आठवडे गेल्यावर दुपारी रोटी आणि कांदा खाताना तिला वाटू लागलं की दरीत माणसं आहेत. दिसत नव्हती. पण बाजार उठल्यावर मैदानात कशी वर्दळीची ऊब राहते, तसं काहीतरी होतं. ती घास चावणं थांबवून ऐकत राही. एर्बीही कधी कधी ऐकताना दिसे. मग दोघं एकमेकांकडे न बघता पुन्हा खायला लागत.

पाचव्या आठवड्यात ते वळणावरच्या मोठ्या ओकखाली आले. तिथला दगड आयतोलूनं लहानपणापासून पाहिलेला होता. *नाझली, मोशे पाथरवटाची मुलगी.* ती तिच्याच घराण्यातली. बापानं तिला बोट धरून पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं ते याच दगडावर.

आमच्यात अंकही अक्षरांनीच लिहितात. एर्बीनं साल वाचलं. दोनशे वीस वर्षांपूर्वीचं होतं. तो बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिला. मग त्यानं तिला जवळ बोलावून सालातलं पहिलं अक्षर दाखवलं. आमच्या लिपीतल्या 'हे' या अक्षराचा डावा पाय वरच्या आडव्या रेघेला टेकत नाही, मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट असते. ती फट नसेल तर ते 'ताव' होतं, आणि मग सगळं साल वेगळं वाचावं लागतं. सहाशे वर्षं मागे.

"हा पाय जोडलेला होता," एर्बी म्हणाला. "पावसानं दगड फुगलाय, त्यात बुजला. तू तो मोकळा कर."

आयतोलूनं बोट लावून पाहिलं. पाऊस कसा खातो ते तिला माहीत होतं. पाऊस कडा गोल करतो. इथे पायाच्या टोकाला कोरणाऱ्यानं हात उचलल्याची स्वच्छ, तिरपी कड होती.

"एर्बी, ही फट पावसाची नाही," ती म्हणाली. "माणसानं ठेवलेली आहे."

"दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात तू ओळखतेस?"

"ओळखते. आमच्याच घरातला आहे."

तो रागावला नाही. त्यानं खिशातला कांदा काढला, पाहिला, परत ठेवला. मग हळूहळू बोलू लागला. त्यानं म्हटलं की या दरीत आठशे वर्षांपूर्वीही आपली माणसं होती, यात त्याला तिळमात्र शंका नाही. त्यानं ती पोथ्यांच्या समासांत पाहिली आहेत, स्वप्नात पाहिली आहेत. फक्त त्यांचे दगड कुणी फोडले, कुणी भिंतीत घातले, कुणी मातीखाली गाडले. मग त्यांच्या वतीनं कुणी साक्ष द्यायची? एका बाईनं थोडं मागे सरकून उभं राहायचं, एवढंच तर आहे. आयतोलूनं छिन्नी फडक्यात गुंडाळली आणि ती घरी गेली. चार दिवस ती खाली उतरली नाही, आणि एर्बीनंही निरोप धाडला नाही.

पाचव्या दिवशी शाबेताय आला. हा कारासुबाझारचा कातडी विकणारा, तिथल्या दुसऱ्या यहुद्यांपैकी. वर्षातून दोनदा येई आणि बाबाकायच्या अंगणात बसून जगभराच्या कागाळ्या सांगे. दोघांची तीस वर्षांची मैत्री होती, आणि दोघं एकमेकांच्या धर्माची यथेच्छ टिंगल करत. तुमच्यात शनिवारी दिवाही लावत नाहीत, म्हणून तुझे डोळे गेले, असं तो बाबाकायला म्हणे. या वेळी तो गाढवावरून उतरला आणि कातडी न सोडताच पायरीवर बसला. आयतोलूनं पाणी दिलं ते त्यानं हातात धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं कळलं की त्याच्या मुलाला नेलं होतं. सतरा वर्षांचा. पंचवीस वर्षांसाठी. मुलानं जाताना विचारलं होतं, मी परत येईन तेव्हा तुम्ही मला ओळखाल का.

बाबाकायनं चाचपडत त्याचा खांदा शोधला आणि तिथे हात ठेवला. आयतोलूच्या डोळ्यांसमोर किल्ल्यावरची सगळी घरं एकामागून एक आली, आणि प्रत्येक घरातलं सतरा वर्षांचं पोर.

दुसऱ्या सकाळी ती उतरली. धुकं इतकं होतं की ओकचं खोडसुद्धा हाताला लागेपर्यंत कळलं नाही. एर्बी तिथे होता की नव्हता, ते तिला कधीच नीट आठवलं नाही. तिनं छिन्नी टेकवली आणि तीन घाव घातले. हलके, अगदी सारखे. दगडाचा दाणा निसटून गवतात पडला. तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. हातांना बरं वाटलं, काम नीट जमल्यावर वाटतं तसं. आणि त्याच वेळी असं वाटलं की इतकी वर्षं हाताशी असलेलं कुणीतरी हात सोडवून धुक्यात चालू लागलं आहे, मागे वळून न बघता. तिनं नाव घेऊन हाक मारली. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला.

एर्बीनं कागद नव्यानं थापटला, वाळवला, गुंडाळी केली. नाझलीसारखे आणखी किती दगड त्या गुंडाळीत होते, ते तिनं विचारलं नाही. तिनं त्या एकालाच हात लावला होता.

दोन वर्षांनी कचेरीचं उत्तर आलं. लांबलचक होतं, पण सार एवढंच: कराई लोक या मातीतले प्राचीन आहेत, वेगळे आहेत, सूट कायम. केनेसाच्या अंगणात पांढरा हलवा वाटला. हझ्झानांनी एर्बीला मिठी मारली आणि मिठीतही तोंड दुसरीकडेच ठेवलं. त्या वर्षापासून किल्ल्यावरच्या माणसांची चालच बदलली. बख्चिसरायच्या बाजारात उतरलं की पूर्वी भिंतीच्या कडेनं चालणारे आता रस्त्याच्या मधून चालू लागले. पोरांना शाळेत शिकवू लागले की खान आला तेव्हा आपण दारात उभं राहून त्याला पाणी दिलं. एर्बीनं या दगडांवर ग्रंथ छापला, त्यात नाझलीचं नाव होतं. मग बायका तिच्या दगडापाशी येऊ लागल्या, ओकच्या फांदीला चिंध्या बांधू लागल्या, मूल होत नसलेल्या जणी तिच्या नावानं हलवा ठेवू लागल्या. कुणी म्हणे ती राणी होती. कुणी म्हणे घोड्यावर बसायची. आयतोलू त्या बायकांना वाट दाखवी आणि बाजूला उभी राही. कधी कधी संध्याकाळच्या उन्हात तिलाही घोडा दिसे.

बाबाकायनं एक दिवस हट्ट धरला, मला खाली ने. गाढवावर बसवून तिनं त्याला नेलं. वळणावर तो उतरला, दगडाशी बसला आणि त्यानं नावावरून, बापाच्या नावावरून, मग सालावरून बोट फिरवलं. पहिल्या अक्षरावर ते थांबलं. तिथून पुन्हा मागे गेलं, पुन्हा आलं.

"घाव चांगला घातलायस," तो म्हणाला.

एवढंच. परतताना तो गाढवावर डुलक्या घेत होता की रडत होता, ते मागून चालणाऱ्या आयतोलूला कळलं नाही. हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं सांगितलं की माझ्या दगडावर साल घालू नकोस. तिनं घातलं नाही. नुसतं नाव कोरलं, खाली कोरी जागा सोडली.

शाबेताय मित्राच्या दगडाला भेटायला आला. चिंध्या बांधलेला ओक त्यानं वाटेतच पाहिला होता. किल्ल्याची सगळी कथा त्याच्या गावात पोचलेली होती. तो म्हणाला, "मुली, तुमच्या त्या बाईनं तुमच्या मुलांना पदराखाली घेतलं. चांगलं केलं. आमच्या एकाला घ्यायला तिचा पदर पुरला नसता का?" त्याच्या आवाजात टोचणी नव्हती, खरंच विचारत होता. आयतोलूनं त्याला जेवायला वाढलं. तो जेवला, गाढव सोडलं, आणि पुन्हा कधी किल्ल्यावर आला नाही. मुलगा परतला की नाही हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्षं गेली, जशी किल्ल्यावर जातात तशी. आधी एक घर रिकामं झालं, मग गल्ली. सूट मिळालेली, मान मिळालेली माणसं खडकावर कशाला राहतील? ती गेझलेवेला गेली, ओडेसाला गेली, तंबाखूच्या वखारी काढल्या. तीस वर्षांनी किल्ल्यावर उरल्या सात-आठ चुली, काही बकऱ्या, आणि एर्बी येशुआ. ऐंशी पार केलेला, एका डोळ्यानं दिसणारा, पोथ्यांच्या ढिगात मांजरांबरोबर राहणारा. आयतोलू त्याला दिवसाआड सूप नेऊन देई. तो ते थंड करून पिई आणि मीठ कमी आहे म्हणे.

त्या उन्हाळ्यात पीटर्सबर्गहून एक प्रोफेसर आले. तांबूस चेहऱ्याचे, सभ्य, भिंग गळ्यात अडकवलेलं. त्यांना दरी दाखवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून आयतोलू गेली. त्यांनी तीन दिवस दगड पाहिले. नाझलीच्या दगडापाशी ते पोटावर झोपले आणि भिंगातून बघता बघता हसू लागले. मग उठून, कपडे झाडून, त्यांनी तिला मोडक्या तातारीत समजावलं की अक्षर तर नव्यानं कोरलंच आहे, पण त्याचीही गरज नव्हती. नाझली हे नावच तातारांबरोबर आलेलं. दगडाला सहाशे वर्षं मागे नेलं तर तेव्हा या डोंगरात ते नाव ठेवणारं कुणी नव्हतंच. राणीला चुकीच्या शतकात पाठवलं आणि नाव बदलायला विसरले.

आयतोलू ओकच्या मुळावर बसली. नावालाही वय असतं हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. एवढी वर्षं त्या बाईला तिकडे एकटीला, जिथे तिला हाक मारायला कुणाला येत नाही अशा ठिकाणी, उभं करून ठेवल्यासारखं तिला वाटलं.

"ते मी कोरलं," ती म्हणाली.

प्रोफेसरांनी तिच्या सुरकुतलेल्या हातांकडे पाहिलं, डोक्यावरच्या शालीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कनवाळू झाला. "आजीबाई, तुम्ही त्या म्हाताऱ्याला वाचवू बघताय. तुमचं मन मोठं आहे." तिनं पुन्हा सांगितलं, कोणती छिन्नी, किती घाव, सगळं. ते मान हलवत राहिले आणि वहीत काहीतरी लिहीत राहिले. पुढे त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा त्यात होतं की एर्बी येशुआनं स्वतःच्या हातानं छिन्नी घेऊन अक्षरं बदलली. ज्यानं जन्मात खिळा ठोकला नव्हता त्यानं.

त्या दुपारी ती सूप घेऊन गेली आणि एर्बीला सगळं सांगून टाकलं. नावाचं ऐकून तो हसू लागला, इतका की मांजरं उठून गेली आणि त्याला उबळ आली. नाव, नाव, तो म्हणत राहिला, चौदा भाषांत वाचणाऱ्या गाढवाला नाव वाचता आलं नाही. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो शांत झाल्यावर म्हणाला की तिनं कबूल केलं ते तिच्यापुरतं बरं झालं, आणि त्यांनी ऐकलं नाही ते त्याच्यापुरतं; आता शिव्या एकाच पत्त्यावर येतील.

मग आयतोलूनं तीस वर्षांत न विचारलेलं विचारलं. "एर्बी, ती फट पावसाची नाही हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं ना?"

खिडकीतून ऊन पोथ्यांवर पडलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. एर्बी तिच्याकडे बघत राहिला, जणू ती कुठून तरी दुरून बोलते आहे.

"त्या दिवशी माहीत होतं," तो म्हणाला. "नंतरच्या वर्षी थोडं कमी. आता डोळे मिटतो तेव्हा मला तो पाय जोडलेलाच दिसतो, पोरी. फट आठवायचा प्रयत्न करतो, येत नाही."

तिला राग यायला हवा होता. पण तिच्याही घोड्याचं काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती तिथेच बसून राहिली. दोघांनी मिळून सूप संपवलं.

पुढच्या वसंतात एर्बी गेला. गेझलेवेहून गाड्या भरून पुढारी आले. निम्म्यांना त्याच्या दगडावर मोठी स्तुती हवी होती, निम्म्यांना नावही नको होतं. प्रोफेसरांचं पुस्तक तोवर सगळीकडे पोचलं होतं. ताज्या मातीपाशीच भांडण जुंपलं. दगड कोरायला कुणाला सांगायचं यावर ते आले तेव्हा कुणाच्या डोक्यात आयतोलू आली नाही, आणि तिनं आठवण करून दिली नाही. बाहेरगावाहून संगमरवर आला. त्यावरची अक्षरं कातीव, निर्जीव होती, आणि लिहिलेलं दोन्ही बाजूंना पटेल असं, म्हणजे जवळपास काहीच नाही. गाड्या गेल्यावर तिनं सोललेला कांदा त्या दगडावर ठेवला. शेजारच्या बकरीनं तो लगेच खाल्ला.

मग भाची बिकेनेश तिला गेझलेवेला घेऊन गेली. तिथे सपाट जमीन, आणि समोर समुद्र. तिच्या नवऱ्याला घेऊन गेलेला तोच. पहिले काही महिने ती त्याच्याकडे पाठ करून बसे. नंतर तोंड करून बसू लागली. सकाळी पाण्यावरून धुकं यायचं आणि गलबतं त्यातून अर्धीच बाहेर पडायची, पुढचा भाग इकडे, मागचा कुठे तरी दुसरीकडे.

बिकेनेशची मुलगी तोतेश सात वर्षांची होती. एक दिवस दुपारी ती शाळेतून लाल डोळ्यांनी आली. मास्तरांनी सांगितलं होतं की आपण इथले सगळ्यांत जुने. मधल्या सुट्टीत एका मोठ्या मुलानं सांगितलं की ते सगळं खोटं आहे, दगड खोटे आहेत, पुस्तकात छापून आलंय, आपण कुणीच नाही. तोतेशनं त्याला चावा घेतला होता. आता तिला हे जाणून घ्यायचं होतं की चावा बरोबर होता का.

आयतोलूनं तिला मांडीवर डोकं ठेवून निजवलं.

"मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते," ती म्हणाली. "मी आयतोलू. माझा बाप बाबाकाय, त्याला शेवटी दिसत नव्हतं, पण भाताच्या वासावरून शेजारच्या घरात भांडण झालंय का ते तो सांगायचा. त्याचा बाप सिम्हा, तो घोरायचा, इतका की पाणक्याची गाढवं बुजायची."

तोतेश हसली.

"सिम्हाचा बाप येफेत. त्याची एक बकरी खानाच्या बागेत शिरली आणि त्यानं सहा दिवस कोठडीत काढले. बकरी मात्र सुटली. येफेतचा बाप मोर्दखाय. त्यानं केनेसाच्या दारावरची द्राक्षं कोरली, एक मणी जास्त झालाय, अजून आहे तिथे."

तोतेशचा श्वास जड झाला होता. मोर्दखायपर्यंत ती जागी राहिली असावी. आयतोलू थांबली नाही. आवाज खाली आणून ती सांगत राहिली. मोर्दखायचा बाप शेलोमो, तोतरा, पण गाताना न अडखळणारा. शेलोमोचा बाप इलियाहू, ज्याला सात बहिणी होत्या आणि त्या सातही जणी त्याला धाक दाखवायच्या. इलियाहूची आई नाझली. ती एका पायानं लंगडत असे. तिचं नवऱ्याशी पटत नसे, म्हणून ती लेकरं घेऊन बापाच्या अंगणात राहिली आणि दगडाच्या कपच्या टोपलीत भरून टाकायचं काम तिनं आयुष्यभर केलं. घोड्यावर ती कधी बसली नव्हती. तिच्या हातची मेंढीच्या मांसाची पोळी चांगली असे, असं सांगतात. तिचा बाप मोशे पाथरवट.

मोशेचा बाप कोण, ते आयतोलूला कुणी सांगितलं नव्हतं. ती तिथे थांबली. बाहेर कुणीतरी होडी वाळूवर ओढत होतं. तिनं मुलीच्या पायांवर शाल घातली आणि बिकेनेश बाजारातून यायची वाट पाहत तशीच बसून राहिली.